सात कुत्र्यांचे मासे

माझी मावशी फिलोमेन कुत्र्यांना घाबरायची. आमच्या गावात हे कुणाला सांगायची सोय नव्हती. त्या काळी कुत्र्यांशिवाय आमचा हिवाळा निघतच नसे. लाकूडफाटा, सापळ्यांची फेरी, कॅरिबू हरणांचं मांस, आजारी माणूस, जे काही हलवायचं ते कुत्र्यांच्या घसरगाडीवर. आणि मावशी पडली मोदेस्तची बायको. त्याची सात कुत्री म्हणजे कॅनडाच्या उत्तरेतल्या ग्रेट स्लेव्ह सरोवराच्या पूर्व टोकाला सगळ्यांत दांडगी. ती त्यांना लांबूनच मासे फेकायची.

तिचा तरी काय दोष? सातव्या वर्षी तिला मिशनच्या शाळेत नेलं, ती सोळाव्या वर्षी परत आली. मधल्या नऊ वर्षांत ती शिवण शिकली, फ्रेंचमधल्या प्रार्थना शिकली, चादरीचे कोपरे ताठ दुमडायला शिकली. जाळं टाकायचं, मासे चिरून वाळवायचे, बर्फाचा आवाज ऐकून त्याची जाडी ओळखायची, हे शिकायचं वय तिकडेच निघून गेलं. लग्न होऊन आली तेव्हा तिच्या सासूने, उर्सूलने, तिच्या हातात सुरी आणि मासा दिला. मावशीला तो धड चिरता येईना. त्यानंतर सहा वर्षं उर्सूल येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "आमची सून माशाचीसुद्धा चादरीसारखी घडी घालते."

त्या वर्षी जुलैमध्ये क्षयाचे रोगी शोधायला छातीचे फोटो काढणारं विमान आलं. सगळे रांगेत उभे राहिले. मोदेस्तच्या फोटोत काहीतरी दिसलं आणि त्याच दुपारी त्याला विमानात बसवून दक्षिणेच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. किती दिवसांसाठी, ते कुणी सांगितलं नाही. त्याने खिडकीतून हात केला की नाही यावर मावशीचं आणि उर्सूलचं कधी एकमत झालं नाही.

मागे राहिल्या सासू, सून, तीन वर्षांची मुलगी आणि सात कुत्री. एका कुत्र्याला हिवाळ्यात रोज एक मासा लागतो. पाणी गोठल्यापासून ते वसंतात बर्फ फुटेपर्यंतचा हिशेब धरला तर चौदाशे मासे व्हायचे. ते थंडी पक्की पडण्याआधी धरून, शेपटीजवळ भोक पाडून, दहा-दहा मासे एका काठीत ओवून उंच मचाणावर टांगून ठेवावे लागत. हे काम दरवर्षी मोदेस्त करायचा.

"या वर्षी कुत्री देऊन टाकू या का कुणाला?" मावशीने भीतभीत विचारलं.

उर्सूल जाळ्याला गाठी मारत होती. तिने वरही पाहिलं नाही. "आणि माझा मुलगा परत आला की गाडीला तुला जुंपायचं का?"

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात शेजारच्या बार्नबेने आपल्या इंजिनाच्या होडीने त्यांना मोदेस्तच्या जागेवर सोडलं. ती जागा म्हणजे एका अरुंद खाडीच्या तोंडाशी पाण्यात घुसलेला जमिनीचा सुळका. समोर अर्ध्या तासाच्या वल्हवणीवर एक लहान बेट, आणि बेटापलीकडे पाण्याखाली लांबलचक खडक. शरद ऋतूत ट्राउट मासे त्या खडकावर अंडी घालायला येतात आणि ते गेले की पांढरे मासे. मुलीला माझ्या आईकडे, म्हणजे मावशीच्या थोरल्या बहिणीकडे, अडेलकडे ठेवलं होतं. सोबत कापडी तंबू, पत्र्याची शेगडी, पीठ, चहा, दोन जाळी, फळ्यांची एक जुनी होडी आणि साखळीला बांधलेली सात कुत्री.

ट्राउट चांगले मिळाले. लाल मांसाचे, हातभर लांब. ते माणसांसाठी चिरून धुरावर वाळवले. पण कुत्र्यांची खरी भिस्त पांढऱ्या माशांवर, आणि ते काही येईनात. पाणी गार व्हायला तयार नव्हतं. ऑक्टोबरची दहा तारीख गेली, पंधरा गेली. रोज सकाळी उर्सूल चिमूटभर तंबाखू पाण्याला वाहायची, होडीच्या पुढच्या टोकाला बसून जाळं वर ओढायची, मावशी वल्ही मारायची. कधी बारा मासे, कधी सात. मचाणावर जेमतेम चाळीस काठ्या लटकत होत्या.

ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात बार्नबे त्यांना न्यायला आला. त्याच्या होडीच्या टोकावर बर्फाचा थर चढला होता.

"चला काकी, आवरा. मागच्या खाडीत बर्फाची साय धरायला लागलीय. आणखी चार दिवसांनी मला इकडे येता यायचं नाही."

"मासे आले नाहीत अजून," उर्सूल म्हणाली.

"नाही आले तर नाही आले! तीन कुत्री ठेवा, बाकीची..."

"बार्नबे, तू तुझी कुत्री मोज."

तो मावशीकडे वळला. "वहिनी, तुम्ही तरी सांगा. पोरगी रोज दारात जाऊन बसते. अडेल दमली तिला समजावून."

मावशीचा जीव तुटला. ती तंबूत गेली आणि आपलं गाठोडं बांधायला लागली. उर्सूल दाराशी येऊन उभी राहिली.

"जा तू. शाळेतल्या पोरींना थंडीत राहायची सवय नसते. मी एकटी ओढीन जाळी."

मावशी मला सांगायची, "त्या घटकेला मला तिचा इतका राग आला, की रागानेच मी राहिले. प्रेमाने नाही हं. माझ्या मागे हिला काही झालं असतं, तर मेल्यावरसुद्धा ती मला टोमणे मारत बसली असती."

बार्नबे मान हलवत निघून गेला. बर्फ पक्कं झालं की कुत्र्यांची गाडी घेऊन येतो म्हणाला.

चौथ्या दिवशी पांढरे मासे आले.

आधी खाडीच्या तोंडावरच्या जाळ्यात एकशे तीस. दोघींची बोटं बधिर झाली, तरी ओवणं चालू होतं. दुसऱ्या दिवशी शंभरावर. तिसऱ्या दिवशी सकाळी पाणी काचेसारखं पडलं होतं, वाऱ्याचं नाव नव्हतं. उर्सूल म्हणाली, "आज बेटापलीकडचं जाळं काढू. ते जड झालं असणार." उत्तरेकडे आभाळाच्या कडेला एक पिवळट पट्टा होता. मावशीने तो दाखवला.

"दिसतोय मला. दुपारच्या आत परत येऊ."

दुपार व्हायच्या आतच वारा आला. तेव्हा निम्मं जाळं होडीत होतं आणि साठेक मासे त्यांच्या पायांशी फडफडत होते. पहिला झोत आला तशी होडी फिरली. उर्सूलने जाळं ओढलं, ते हललं नाही. खालची दोरी खडकात अडकली होती. तिने वरची दोरी मनगटाला गुंडाळली आणि पाय फळीला लावून जोर केला.

"सोडा आई!" मावशी ओरडली.

"तू वल्हव! वाऱ्याकडे तोंड धर!"

लाटा वाढत होत्या. जाळ्याने होडीचं टोक खाली धरून ठेवलं होतं, त्यामुळे लाट आली की होडी वर उठण्याऐवजी नाक पाण्यात खुपसायची. पहिल्या लाटेने मावशीचे गुडघे भिजले, दुसरीने मांड्या. मासे पाण्यात पोहायला लागले, होडीतल्या होडीत.

"भरतेय होडी!"

"मग उपस की! दोन हात दिलेत ना देवाने!"

"वल्हवू की उपसू? दोन्ही कशी करू?"

पुढच्या लाटेला होडी मागे खेचली गेली, मनगटाची दोरी आवळली आणि म्हातारी किंचाळली. मावशीने तिला आजवर कधी दुखण्याने कण्हतानाही ऐकलं नव्हतं, किंचाळणं तर दूरच. म्हातारीचा हात होडीच्या काठावर दाबला गेला होता आणि दोरी तळव्यात रुतली होती. आता तिला सोडायचं असतं तरी सोडता येणार नव्हतं.

मावशीने वल्ही आत घेतली. ती माशांवरून, पाण्यातून चार पायांवर रांगत पुढे गेली आणि सुरी काढली.

"हात लावू नकोस!" उर्सूल म्हणाली. तिचा चेहरा राखेसारखा झाला होता. "मोदेस्तचं जाळं आहे ते. अख्खा हिवाळा विणलंय मी. उरलेल्या निम्म्यात शंभर मासे आहेत!"

"तुमचा हात तुटेल!"

"हात माझा आहे!"

मावशी सांगायची, त्या क्षणी तिच्या मनात दोरी नव्हती, मासे नव्हते, मोदेस्तही नव्हता. फक्त आपली मुलगी दारात बसलेली दिसत होती. तिने दोरी कापली. एका घावात तुटली नाही, भिजलेली दोरी चिवट असते. तीनदा सुरी फिरवावी लागली आणि तितका वेळ उर्सूल दुसऱ्या हाताने तिच्या पाठीत बुक्के मारत होती.

दोरी तुटली तशी होडी एकदम हलकी होऊन वर उडाली. जाळं गेलं, होडीतलं निम्मंही त्याच्या ओढीने काठावरून घसरत गेलं. वाऱ्याने होडीला बेटाकडे ढकललं, मावशी नुसती दिशा धरून होती. किनाऱ्याच्या दगडावर आपटून एक फळी फुटली, पण तोवर पाय टेकत होते. कमरेभर पाण्यातून तिने आधी म्हातारीला ओढून काढलं, मग होडी.

उर्सूलच्या डब्यातल्या काड्या कोरड्या होत्या. मावशीने मोडक्या झुडपांची शेकोटी केली. उर्सूलची दोन बोटं मोडली होती आणि तळव्याची कातडी अंगठ्याखाली उघडी पडली होती. मावशीच्या कोटाच्या आत नेहमी सुई-दोरा टोचलेला असायचा. तिने सुई ज्योतीवर धरली.

"शिवते," ती म्हणाली.

उर्सूलने हात पुढे केला आणि तोंड दुसरीकडे फिरवलं. चौथ्या टाक्याला ती म्हणाली, "बारीक घाल. गोणपाट शिवत नाहीयेस."

त्यानंतर ती सुनेकडे पाठ करून बसली.

वारा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पडला आणि तो पडल्यावर खरं संकट सुरू झालं. आभाळ निवळलं, थंडी कडाडली. सकाळी उठून पाहतात तर बेट आणि सुळका यांच्यामधलं सगळं पाणी करडं आणि स्थिर झालेलं. गोठलं होतं. होडी घालायला जाड आणि चालायला पातळ. पलीकडून कुत्र्यांचं रडणं स्पष्ट ऐकू येत होतं. दोन दिवस त्यांना कुणी खायला घातलं नव्हतं, आणि त्यांचे मासे त्यांच्याच नाकासमोर मचाणावर लटकत होते.

बेटावर खायची ददात नव्हती, साठ मासे होते. पण जाळण्याजोगं लाकूड संपत आलं होतं, आणि उर्सूलचा हात कोपरापर्यंत सुजून गरम झाला होता. तिला मधूनच हुडहुडी भरत होती. मावशी काठी घेऊन किनाऱ्यावर जायची, बर्फ ठोकायची आणि परत यायची.

"काय आवाज येतो?" तिसऱ्यांदा परत आली तेव्हा उर्सूलने विचारलं. दोन दिवसांतलं तिचं पहिलं बोलणं.

"ठक येतो."

"ठक की ठप?"

"मला काय कळणार ठक की ठप! शाळेत नाही शिकवलं!" मावशी रडकुंडीला आली होती.

उर्सूल उठली. सुनेच्या खांद्यावर हात ठेवून किनाऱ्यापर्यंत आली, काठी मागून घेतली, दोनदा आपटली. डोळे मिटून ऐकलं.

"आज नाही. उद्या सकाळी. होडी सोबत घ्यायची."

"होडी? बर्फावर?"

"तू एका बाजूने धरायची, मी एका बाजूने. ढकलत न्यायची. बर्फ फुटलं तर होडीला लोंबकळायचं. माझ्या बापाने मला असंच नेलं होतं." फुटक्या फळीवर काठी टेकवून ती म्हणाली, "फळीच्या भेगेत तुझा परकर कोंब. वरून डिंक लाव. तेवढं येईल ना?"

दुसऱ्या दिवशी उजाडताच त्या निघाल्या. होडीत वीस मासे घेतले, बाकीचे बेटावर झाडाला टांगले. मावशी डावीकडे, उर्सूल उजवीकडे, धड हाताने काठ धरून. बर्फ काळं आणि नितळ होतं, खालचे दगड दिसत होते. पुढे दगड दिसेनासे झाले, नुसता काळोख. प्रत्येक पावलाला लांबवर कुठेतरी बर्फ करकरायचं आणि तो आवाज पायाखालून जायचा.

"थांबू नकोस," उर्सूल म्हणायची. "पाय उचलू नकोस. घासत चल."

अर्ध्याच्या पुढे गेल्यावर मावशीच्या बाजूचं बर्फ वाकलं. ती सांगायची, फुटायच्या आधी ते कातड्यासारखं वाकतं. मग एकदम ती छातीपर्यंत आत गेली. श्वासच येईना. हात काठावर होते, पण होडी तिच्या वजनाने कलली आणि उर्सूलच्या बाजूने उचलली गेली.

"वर बघ! माझ्याकडे बघ!" म्हातारी आपलं सगळं वजन टाकून पलीकडच्या काठावर आडवी पडली होती. होडी सरळ झाली. "पाय मागे झाड! बेडकासारखे! झाड!"

मावशीने पाय झाडले. पहिल्यांदा कड तुटली, दुसऱ्यांदा तुटली, तिसऱ्यांदा ती पोटावर होडीत येऊन पडली, माशांच्या वर. उर्सूलने एकटीने, एका हाताने, ढोपरांवर सरकत ती होडी पक्क्या बर्फावर ओढली. कशी ओढली, देव जाणे. तिचे टाके उसवले होते आणि होडीच्या काठावर रक्त गोठलं होतं.

"चाल आता. कपडे गोठायच्या आत चाल," ती म्हणाली. "पोरीला काय सांगायचं मी?"

सुळक्यावर पोचल्या तेव्हा मावशीचा झगा पत्र्यासारखा वाजत होता. 'पोलीस' नावाच्या कुत्र्याने साखळी तोडली होती. मचाणावर त्याला चढता आलं नव्हतं, पण त्याने पिठाचं पोतं, चरबीचा डबा, एक पट्टा आणि उर्सूलचा एक बूट खाऊन टाकला होता. बाकीची सहा उपाशी होती आणि त्यांच्या डोळ्यांत ओळख राहिली नव्हती. उर्सूलला उभं राहवत नव्हतं. मासे घालायला मावशीलाच त्यांच्यात जावं लागलं. लांबून फेकले तर ती एकमेकांना फाडतील हे तिलाही कळत होतं. दोन्ही हातांत मासे धरून ती एकेकाच्या तोंडाशी गेली. एकाने तिच्या हाताची कड फोडली. ती हलली नाही, पुढच्या कुत्र्याकडे गेली.

नंतरचे पंधरा दिवस उर्सूल तापात होती. शुद्धीवर असली की तंबूच्या दारातून ओरडून सांगायची, भोकं किती अंतरावर पाडायची, लांब काठीला दोरी बांधून ती बर्फाखालून कशी सरकवायची, उरलेलं एकुलतं जाळं कसं सोडायचं. मावशी सांगितलं तसं करायची, चुकायची, शिव्या खायची, पुन्हा करायची. नोव्हेंबरच्या शेवटी बार्नबे गाडी घेऊन आला तेव्हा मचाणावर नव्वद काठ्या होत्या. नऊशे मासे.

"सात कुत्र्यांना पुरायचे नाहीत," तो म्हणाला.

"पाचांना पुरतील," मावशी म्हणाली. "कुठली दोन न्यायची ते मी सांगते." तिने निवडली तीच दोन बार्नबेने नेली. उर्सूल मध्ये बोलली नाही.

गावात आल्यावर मुलगी माझ्या आईच्या झग्याआड लपली आणि बराच वेळ बाहेर येईना.

मोदेस्त पुढच्याच्या पुढच्या वसंतात परतला. एक फुप्फुस गेलं होतं आणि तो बोलताना मध्येच थांबायचा. सापळ्यांवर मावशीच जात होती, पुढे नऊ वर्षं तीच गेली. घरी आल्याच्या दुसऱ्या दिवशी तो सामानाच्या खोपीत शिरला आणि बाहेर येऊन म्हणाला, "बेटापलीकडचं जाळं कुठाय?"

मावशीने बोलायला तोंड उघडलं.

"मी कापलं," उर्सूल म्हणाली. ती चुलीपाशी बसली होती, वाकड्या बोटांनी चहा ढवळत. "अडकलं होतं. माझी अक्कल गेली नि कापलं."

मोदेस्त आईवर चिडला. दोन दिवस कुरकुरत राहिला. मावशीने नंतर सासूला एकटीला गाठून विचारलं, "असं का सांगितलंत?"

"माझ्यावर तो दोन दिवस रागावेल," उर्सूल म्हणाली. "तुझ्यावर रागावला असता तर आजारी माणूस, बसल्या बसल्या तेच उगाळलं असतं त्याने." मग तिने मानेने दाराकडे खूण केली. "जा, कुत्री ओरडतायत."

उर्सूल पुढच्या फेब्रुवारीत गेली. जमीन इतकी गोठली होती की खड्डा खणायला आधी दोन दिवस आग पेटवून ठेवावी लागली. त्या आगीला लाकूड मावशीने आणलं, पाच कुत्र्यांच्या गाडीवर, चार खेपा.